माइकवरची बाई

९ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

खूप आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालते, कारण बरी नसलीस तरी तू काही कळवणार नाहीस. इथे मी ठीक. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, त्याच्यामागे मी. खालच्या शिंप्याने विजेचं मशीन घेतलंय. जुन्याची खडखड इतकी अंगवळणी पडली होती की आता दुपारी झोप लागत नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर मी विषय काढला की तू रिसीव्हर ठेवतेस, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईने रिसीव्हर ठेवला की तो ठेवलेलाच असतो. पत्र निदान खाली टाकून पुन्हा उचलता येतं. तर टाकायचं असेल तर आत्ताच टाक. पुढे घुबडाचं नाव येणार आहे.

टाकलं नाहीस ना? बरं.

तुझ्या मुलाचा, घुबडाचा, सिनेमा आलाय. ‘शिडी’ नाव. मोठ्या थिएटरात नाही; वाचनालयाचं सभागृह, आर्ट कॉलेजचा हॉल, एकदा तर बंद पडलेल्या गिरणीचं गोदाम, जिथे खुर्च्या मिळतील तिथे दाखवतो. गोष्ट एवढीच की एका माणसाने फार वर्षांपूर्वी शेजारणीकडून शिडी नेलेली असते आणि ती परत द्यायला तो निघतो. शेजारीण घर बदलून गेलेली. मग छोट्या मोटारीच्या टपावर शिडी बांधून हा तिला शोधत फिरतो, आणि वाटेत ज्याला त्याला ती शिडी घटकाभर हवी असते. एक बँक मॅनेजर फाईल काढायला वर चढतो आणि खाली यायचंच नाकारतो. वर फार शांत वाटतं म्हणे. मग बँकेची मीटिंग शिडीवरच भरते, हुद्द्याप्रमाणे एकेका पायरीवर, आणि शिपाई खाली उभा राहून शिडी धरतो. एक बाई भिंतीला शिडी लावून स्वतःच्याच घरात डोकावते आणि म्हणते, मी नसताना बरं चाललंय यांचं. लोक हसतात. मग मोटार धुळीच्या रस्त्याने वळणं घेत कितीतरी वेळ जात राहते, काही म्हणता काही घडत नाही, आणि लोक हसायचे थांबतात.

सुरुवातीला पाटी येते: ‘इराणी सिनेमाला, ज्याने मला अंधारात बसायला शिकवलं.’

आणि मुंगी, पडद्यावर ओठ हलतात पण आवाज येत नाही. पडद्याच्या बाजूला टेबल, त्यावर झाकलेला दिवा, माइक, आणि एक बाई सगळ्यांचं बोलत असते. पुरुषांचं, बायकांचं, पोरांचं, सगळं एकाच आवाजात, एक वाक्य मागे राहून. आपल्या फिल्म सोसायटीत करायचो तसंच. इराणहून सिनेमांच्या पेट्या यायच्या, पट्टीवर भाषांतर नसायचं, सोबत इंग्रजी संवादांचे कागद असायचे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आपलं इंग्रजी घोटून घेतलेलं, म्हणून ते काम आपल्या गळ्यात पडलं. मी आठवडाभर बसून भाषांतर करायची आणि त्या संध्याकाळी माइकवर तू असायचीस.

आता माइकवर मी असते. घुबडाने विचारलं आणि मी हो म्हटलं. रागाव.

परीक्षणांचं सांगते, म्हणजे थोडं हसशील. एका तरुण मुलीने लिहिलंय की ‘आवाज आणि ओठ यांमधली ही फट म्हणजे आपल्या काळाची जखम आहे.’ मी तिला सांगणार होते की बाई, फट पडते कारण चष्म्यातून पानावर बघायचं की वरून पडद्यावर बघायचं हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्याने लिहिलं की दिग्दर्शकाला इराणी सिनेमातली करुणा कळली नाही, नुसती धूळ कळली. तिसऱ्याला सगळं आवडलं, पण त्याला शिडी म्हणजे लोकशाही वाटते. एकाने फक्त माझ्या आवाजाबद्दल लिहिलं: ‘उत्तरार्धात आवाज घोगरा होत जातो, शब्द तुटतात, जणू कथाच दमते. दिग्दर्शकाची ही सर्वांत धाडसी निवड.’ घुबडाने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, मावशी, तू माझी धाडसी निवड. हसलो दोघं. गोदामात धूळ फार होती, त्याने घसा धरलाय. कोमट पाणी पिते.

आता मुद्द्याचं. मफलरवाले आठवतात? सोसायटीत तिसऱ्या रांगेत बसायचे, उन्हाळ्यातही मफलर, सिनेमा संपला की सगळ्यांना थांबवून प्रश्न विचारायचे. आता ते फार मोठे समीक्षक आहेत. रविवारच्या पुरवणीचं अर्धं पान त्यांचं. त्यांनी लिहिलंय की ‘शिडी’ ही वंदना नाही, चोरी आहे. तरुणपणी त्यांनी एका सोसायटीत मूळ इराणी सिनेमा पाहिला होता, नाव आता आठवत नाही, पण प्रसंगन् प्रसंग आठवतो. शिडी परत द्यायला निघालेला माणूस, घर बदललेली शेजारीण, वाटेत शिडी मागणारे लोक. तो पाहून ते घरी चालत गेले होते, बस सोडून. आणि त्या मूळ कलाकाराचं नावही न घेता आज एक मुलगा टाळ्या घेतोय.

तुला कळलं ना, ते कोणता सिनेमा म्हणतायत?

पेटी उघडली आणि आतले कागद भलत्याच सिनेमाचे निघाले ती संध्याकाळ. हॉल भरलेला, लोक खुर्च्या सरकवतायत, मी रडायच्या बेतात. तू म्हणालीस, लोक बसलेत ताई, काहीतरी बोलावंच लागेल. आणि दिवे गेले. पडद्यावर एक माणूस शिडी घेऊन चाललेला दिसला आणि तू शांतपणे, एक्स्चेंजमध्ये नंबर द्यावा तशी, म्हणालीस की याला ही परत करायचीय. तिथून शेवटापर्यंत सगळा सिनेमा तू रचलास. बघत बघत, बोलत बोलत. एवढे लोक हसले, एवढे रडले, आणि कुणाला संशय आला नाही. लहानगं घुबड तुझ्या पायाशी बसलेलं.

मागे कधीतरी त्याने तो सिनेमा कंप्युटरवर शोधून काढला, भाषांतराच्या पट्ट्यांसकट. मला बसवून दाखवला. तो माणूस बहिणीच्या घराला चुना लावायला निघालेला असतो, मुंगी. शिडी त्याची स्वतःचीच. परत द्यायचा प्रश्नच नाही. चांगला सिनेमा आहे, गंभीर आहे, पण आपण पाहिलेला तो नाही.

म्हणजे मफलरवाल्यांनी जो पाहिला तो तुझा. चोरलंच असेल तर ते तुझ्याकडचं चोरलंय.

घुबडाने त्यांना उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही म्हणतो. का ते तुला माहीत आहे.

एकदा येऊन बघून जा एवढंच म्हणते. बाकी तब्येतीला जप.

तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं तर त्यात दोनच वाक्यं. ‘त्याने पुन्हा माझं तोंड वापरलं. आणि या वेळी ते तू त्याला दिलंस.’ खाली सहीसुद्धा नाही. तुझं अक्षर मात्र अजून तसंच आहे, सिस्टरांनी पट्टी मारून सरळ केलेलं.

मी चार दिवस उत्तर लिहिलं नाही. रागाने नाही, कंटाळ्याने. या वयात दोन माणसांच्या मधे उभं राहायचा कंटाळा येतो. एक इकडून ओढतो, एक तिकडून, आणि मधल्याला कुणी विचारत नाही की तुझे हात दुखतात का.

ते पहिलं प्रकरण मी विसरलेले नाही. घरात दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, तुझी झोप गेलेली, आणि एका पहाटे तू त्यांना म्हणालीस, सुटा आता, म्हणजे मी झोपेन. मुलाने ते दाराआडून ऐकलं. बाप गेल्यावर त्याने जो छोटा सिनेमा केला त्यात एका बाईच्या तोंडी तेच वाक्य, तसंच. सगळे नातेवाईक पहिल्या खेळाला. तू मधूनच उठलीस, आणि दाराशी त्याला एवढंच सांगितलंस की यापुढे माझा एक शब्द वापरलास तर मला आई म्हणू नकोस. तेव्हापासून त्याने तुला आई म्हटलेलं तू ऐकलंच नाहीस, कारण तू फोन उचलला नाहीस.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. मीही उठले असते. पण तो काय म्हणतो ते कधीतरी ऐक. तो म्हणतो, त्या घरात दोन वर्षांत तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं होतं, आणि मला वाटलं लोकांनी आईला त्याबद्दल मिठी मारावी. मूर्ख आहे. पण दुष्ट नाही.

आता या सिनेमाबद्दल. तो ‘शिडी’चे संवाद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी आधी तुझे शब्द शोधले. एक नाही, मुंगी. गोष्ट तुझी, पण बोलणं सगळं त्याने नव्याने लिहिलेलं. आणि शेवटाकडे दोन पानं कोरी. तो प्रसंग आठवतो? म्हातारी शेजारीण दार उघडते, समोर हा शिडी घेऊन उभा, आणि दोघं दारातच कितीतरी वेळ बोलत राहतात. ते त्याने तसंच घेतलंय, फक्त ओठ हलतायत. मी विचारलं, इथे काय बोलायचं? म्हणाला, इथे आईने जे म्हटलं होतं त्याच्यापेक्षा चांगलं मला सुचत नाही आणि ते मी लिहिणार नाही. तुला सुचेल ते बोल, नाहीतर गप्प बस.

मला आयुष्यात कधी ऐनवेळी काही सुचलंय का? कागदाशिवाय मी बाजारातसुद्धा जात नाही. पहिल्या खेळाला ती पानं आली. आणि तोंडातून तुझंच वाक्य गेलं. ‘चहा गार झालाय. आता खरं बोलायला हरकत नाही.’

तेव्हा तोंड तुझं मी वापरलं. त्याने नाही. खेळ संपल्यावर तो पायऱ्यांवर माझी वाट बघत बसला होता. म्हणाला, मावशी, हे तू काय केलंस, आता ती कधीच येणार नाही. मी म्हटलं, नाहीतरी कुठे येत होती.

आणि गंमत बघ, परीक्षणांत सगळ्यात जास्त चर्चा त्याच वाक्याची. एका प्राध्यापकांनी ते सूफी परंपरेतलं ठरवलं. एकाने फारसी मूळ शोधायला घेतलंय, अजून सापडलं नाही म्हणतो. एकीने लिहिलं की संपूर्ण सिनेमात हे एकच वाक्य कच्चं आहे. मी वाचते आणि मला तुझं तेव्हाचं स्वयंपाकघर दिसतं. हे वाक्य तू माझ्याशी घरी किती वेळा बोललीस. आधी चहा होऊ दे, आधी चहा होऊ दे, आणि तो पार गार झाला की मग खरी गोष्ट काढायचीस.

थकवा आलाय. रोज सिनेमाबद्दल बोलणं चालू आहे आणि सिनेमा कुणी बघत नाही. जो तो आपापली शिडी लावून कुठेतरी चढलाय. फक्त माझे दातांचे डॉक्टर बरे. ते इराणचेच, पुष्कळ वर्षांपूर्वी इथे आलेले. बायकोला घेऊन खेळाला आले होते. खेळ झाल्यावर मला म्हणाले की असा सिनेमा आमच्याकडे मी कधी पाहिला नाही, पण हा शिडीवाला आमच्या गल्लीत राहायचा. मला ते सगळ्या पुरवण्यांपेक्षा मोठं वाटलं.

वाईट बातमीही सांगून टाकते. परदेशातल्या एका महोत्सवाने ‘शिडी’ निवडला होता. मफलरवाल्यांचा लेख तिथे पोचला. त्यांनी विचारलंय की मूळ सिनेमा कोणता ते कळवा आणि परवानगी दाखवा, नाहीतर यादीतून नाव काढावं लागेल. घुबडाने एका ओळीत उत्तर लिहावं की असा सिनेमा नाही, तो माझ्या आईने एका संध्याकाळी रचला. संपलं. पण तो लिहीत नाही. मी लिहिते म्हटलं तर माझ्या हातातून कागद काढून घेतला. म्हणाला, चोर म्हणू देत. आईला पुन्हा लोकांपुढे उभं करणार नाही.

हे मी तुला पटवायला लिहीत नाही. फक्त तुझा मुलगा सध्या कसा आहे ते तुला माहीत असावं. बारीक झालाय. दाढी वाढवलीय, शोभत नाही.

२९ तारखेला संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात खेळ आहे आणि नंतर चर्चा. मफलरवाले अध्यक्ष. बहुधा तिथेच निकाल लागेल. मी वाचणार आहे. घशासाठी एका डॉक्टरांना दाखवलं, काही नाही, विश्रांती घ्या म्हणाले, आणखी एक तपासणी सांगितलीय ती करून टाकीन.

तू ये असं आता म्हणत नाही. बसने अर्धा दिवस जातो, आणि तुझी कंबर.

तुझी,
ताई


४ डिसेंबर

प्रिय मुंगी,

तू आलीस.

मला न सांगता आलीस, मागच्या दाराने, आणि मागच्याच दाराने गेलीस. स्टँडवरून परस्पर परत बसमध्ये बसली असणार. मी ओळखते ना तुला. म्हणून तू गेल्यावर काय झालं ते तुला सांगायला हवं. तू असताना काय झालं तेही सांगते, कारण तू अंधारात होतीस आणि माझ्याकडे निदान छोटा दिवा होता.

त्या दिवशी सकाळपासूनच माझा आवाज जेमतेम होता. घुबडाला मी खुणेने सांगितलं की जपून ठेवतेय. पहिला अर्धा भाग ओढला. बँकेच्या मीटिंगला लोक एवढे हसले की मला मधे घोटभर पाणी पिता आलं. मग धुळीचा रस्ता आला, त्यात बोलणं नाही, तेवढी विश्रांती. आणि मग ते दार. म्हातारीने दार उघडलं. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. खरवडल्यासारखा एक आवाज माइकमधून गेला आणि मग तोही नाही. पडद्यावर दोघांचे ओठ हलतायत, हलतायत. लोकांना वाटलं हे असंच आहे. पहिल्या रांगेतल्या मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आणि मागून, अंधारातून, तू बोललीस. माइक नाही, काही नाही. तोच आवाज, नंबर देणारा.

“शिडी नेलीस तेव्हा मी माळ्यावर होते.”

पाठोपाठ तू त्याचंही बोललीस.

“मग खाली कशा आलात?”

“आले नाही अजून.”

आधी सगळा हॉल हसला. मोठ्याने हसला. आणि मग एकेक जण हसायचं थांबत गेला, मला ते ऐकू आलं, पाऊस थांबत जातो तसं. मीसुद्धा हसले होते, मुंगी, बिनआवाजाची. मग मला कळलं की तू कुणाशी बोलतेयस.

तू पुढे काही बोलली नाहीस. सिनेमा संपला. आणि दिवे लागेनात. बराच वेळ काळोख. लोक बसून राहिले, कुणी खोकलं, कुणी टाळी वाजवायला सुरुवात करून थांबलं. परवा पेपरात आलंय की ‘शेवटचा दीर्घ अंधार हा दिग्दर्शकाने प्रेक्षकावर टाकलेला विश्वास आहे.’ विश्वास कसला. दिव्यांचं बटण त्याच्या हाताशी होतं आणि तो ते दाबायला विसरला होता. त्या अंधारात तू निघून गेलीस, म्हणून तुला हे दिसलं नाही. शेवटी चौकीदाराने बाहेरून येऊन दिवे लावले. मी जिना चढून वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत गेले, गुडघ्याला न जुमानता. घुबड यंत्राशेजारी उभं होतं, एक हात भिंतीवर. मला वाटलं, विचारेल ती कुठे आहे, मला भेटेल का, राग गेला का. त्याने काहीच विचारलं नाही असलं. म्हणाला,

“आई जेवून आली होती का?”

मला माहीत नव्हतं. मी मान हलवली, हो अशीही नाही, नाही अशीही नाही. तो धावत खाली गेला, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. तू मिळाली नाहीस.

चर्चा झालीच नाही. मफलरवाले अध्यक्षांच्या खुर्चीत न बसता तिसऱ्या रांगेतच बसून राहिले. सगळे गेल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, हा आवाज मी ऐकलाय. म्हातारे झालेत गं. मफलर गळ्याभोवती नव्हता, हातात गोळा करून धरलेला. मी त्यांच्याच कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं की तुम्ही पाहिलात तो सिनेमा या बाईने रचला होता, त्या संध्याकाळी कागद चुकीचे आले होते, आणि दिग्दर्शक तिचा मुलगा. त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं चिडतील. ते खाली बसले आणि म्हणाले, मी त्या सिनेमावर माझं पहिलं परीक्षण लिहिलं होतं. छापून आलं म्हणून नोकरी मिळाली.

काल रविवार. कात्रण सोबत पाठवतेय. पहिलं वाक्य मला पाठ झालंय: ‘माझ्या आयुष्यातला सर्वांत आवडता इराणी सिनेमा इराणमध्ये बनलाच नव्हता, हे मला या वयात कळलं, आणि चोर कुणी असेल तर तो मी, कारण दुसऱ्याच्या नावावर मी एका बाईची गोष्ट इतकी वर्षं सांगत आलो.’ तुझं नाव त्यांनी घातलेलं नाही. मीच कागदावर ठणकावून लिहिलं होतं, नाव नाही. बाकीच्यांचं काय सांगू. एकाने लिहिलंय की प्रेक्षकांत नटी पेरायची ही क्लृप्ती फार जुनी झाली, पण पेरलेल्या नटीचं काम मात्र उत्तम.

महोत्सवाला कात्रण कालच ईमेलने गेलं. आज त्यांचं उत्तर आलं, यादीत नाव ठेवलंय. मार्चमध्ये खेळ.

आता ते लिहिते जे दोन पत्रं टाळत आले. धूळ नव्हती, मुंगी. स्वरयंत्रावर गाठ आहे. तपासणीत ती चांगली निघालेली नाही. पुढच्या बुधवारी, १३ तारखेला, ऑपरेशन. डॉक्टर तरुण आहेत, सज्जन आहेत, समोरच्याकडे न बघता बोलतात. जीवाला सध्या धोका नाही म्हणाले, आणि आवाज राहील याची खात्री नाही म्हणाले. मी विचारलं, घोगरा तरी? ते म्हणाले, बघू. मला ते ‘बघू’ कळलं. मी वाचनालयात इतकी वर्षं लोकांना पुस्तक नसलं की असंच बघू म्हणायची.

मी घाबरलेय, पण फार नाही. आयुष्यभर लिहून ठेवायचीच सवय, आता सगळंच लिहीन. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या वरच्या खोलीत त्या दिवशी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला बोलता आलं नाही.

घुबडाला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं मावशी विश्रांती घेतेय आणि मार्चमध्ये त्याच्याबरोबर विमानात बसणार आहे. माझ्यासाठी खिडकीजवळची जागा मागितलीय म्हणे. आवाज आधी रेकॉर्ड करून ने असं सुचवलं तर तो ऐकणार नाही. मागे एकाने सुचवलं होतं तर म्हणाला, मग तो नुसता सिनेमा होईल.

त्याला हे कुणीतरी सांगायला हवं, बुधवारच्या आत. मी फोन करू शकत नाही. लिहून कळवू शकते, पण कळवणार नाही, तू कितीही रागावलीस तरी. हे असं पत्रातून कळायची गोष्ट नाही, कुणीतरी जवळच्या माणसाने नीट बोलून सांगायची आहे, आणि त्याला जवळचं म्हणून आता दोनच माणसं आहेत.

त्याचा नंबर बदललेला नाही. तो दहाच्या आधी उठत नाही. पहिल्यांदा आवाज ऐकून काही बोलला नाही तर ठेवू नकोस, थांब, तो असतोच पलीकडे. ऑपरेशनचं सांग, विमानातल्या त्या जागेचं सांग. आणि जेवून आली होतीस की नाही तेही सांग, त्याला ते कळायला हवंय.

मी इथे पिशवी भरून ठेवली आहे. दोन साड्या, चष्मा, लिहायला वही. बुधवारी सकाळी मला न्यायला तो आला, आणि त्याला का न्यायचंय हे आधीच माहीत असलं, तर मी समजेन.

वाट बघत,
तुझी ताई